वाचनालयाची यादी आणि बारा आठवड्यांचा वेब परिचय वर्ग: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका तालुक्याच्या गावातील कला व वाणिज्य महाविद्यालयात मी इंटरनेट, वेब रचना आणि ऑनलाइन संवाद यांची ओळख करून देणारा बारा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग शिकवतो. आठवड्याला चार तासांप्रमाणे एकूण ४८ तास मिळतात. ज्या तुकडीचे हे प्रकरण आहे तिच्यात २२ विद्यार्थी होते. त्यांपैकी घरी संगणक असलेले तिघेच, मात्र स्मार्टफोन प्रत्येकाकडे होता. प्रयोगशाळेत चालू स्थितीतील १४ संगणक होते. गाव, संस्था आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील येथे गाळले आहेत.

वर्ग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. त्याच सुमारास गावातील शासनमान्य सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी महाविद्यालयाकडे विचारणा केली की, वाचनालयाची वेबसाइट विद्यार्थ्यांकडून करून मिळेल का. त्यांच्या गरजा साध्या होत्या: वेळा, अनामत आणि वर्गणी यांची माहिती, बालविभागाचे कार्यक्रम, दिवाळी अंकांची यादी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संगणकावर टंकित झालेली सुमारे ६,२०० पुस्तकांची यादी. मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, वेबसाइटचे उद्घाटन करण्याचे कार्यकारी मंडळाने ठरवून टाकले होते. विद्यार्थ्यांना खरे काम मिळते आहे म्हणून मी होकार दिला. यादी आधी पाहून घेतली नाही, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यातून उद्भवल्या.

पहिले चार आठवडे मी नेहमीच्या क्रमाने शिकवले. १९८९ मध्ये सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेला प्रस्ताव, १९९१ मध्ये जगापुढे खुली झालेली पहिली वेबसाइट, १९९३ मध्ये सर्नने वेबचे तंत्रज्ञान सर्वांना विनामूल्य खुले करणे, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी सुरू केलेली इंटरनेट सेवा, मग आयपी पत्ता (जाळ्यावरील यंत्राचा क्रमांक), डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तो पत्ता काढणारी यंत्रणा, म्हणजेच नाव-शोध), एचटीटीपी (पान मागण्याचे आणि पाठवण्याचे नियम) आणि शेवटी एचटीएमएल (पानाची रचना लिहिण्याची भाषा), असा तो क्रम होता. चौथ्या आठवड्यातील चाचणीत एचटीटीपी आणि एचटीएमएल यांतील फरक जवळजवळ सर्वांनी बरोबर लिहिला. माझे समाधान झाले. ते किती उथळ होते, हे पाचव्या आठवड्यात कळले.

अडचण कशी समोर आली

पाचव्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी पुस्तकांच्या यादीची पहिली तीस नावे घेऊन एक पान तयार केले आणि ते चाचणीसाठी सर्व्हरवर, म्हणजे मागणाऱ्याला पाने पुरवणाऱ्या संगणकावर, चढवले. प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर ते व्यवस्थित दिसत होते. संध्याकाळी दोन विद्यार्थी ते दाखवायला वाचनालयात गेले. ग्रंथपाल मॅडमनी स्वतःच्या फोनवर पान उघडले, चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, ही तर इंग्रजी अक्षरं आहेत. आणि तीही कसलीच नाहीत. माझी पुस्तकं कुठे गेली?"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारले की, पान संगणकावर दिसते आणि फोनवर दिसत नाही, तर बिघाड नेमका कोठे असेल. एकाने सांगितले, मॅडमच्या फोनला रेंज नसेल. दुसऱ्याने सर्व्हरला दोष दिला. तिसऱ्याचे म्हणणे पडले की फोन जुना असेल. चाचणीत व्याख्या अचूक लिहिणाऱ्या २२ जणांपैकी एकालाही हे सुचले नाही की, पानाचा सांगाडा आणि रोमन अक्षरे फोनपर्यंत पोचली, त्या अर्थी जोडणी, नाव-शोध आणि सर्व्हर ही तिन्ही ठिकाणे निर्दोष आहेत, आणि दोष राहिला तो साठवलेल्या मजकुरात किंवा तो दाखवण्यात. मी शिकवलेल्या सगळ्या संकल्पना त्यांच्याकडे सुट्या पडलेल्या होत्या. एका विनंतीचा प्रवास म्हणून त्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या.

यादीची फाइल उघडून पाहिल्यावर कारण स्पष्ट झाले. वाचनालयातील लिपिकाने ती बारा-पंधरा वर्षांपूर्वीपासून कृतिदेव या फॉन्टमध्ये टंकित केली होती. त्या काळी टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या माणसाला तेच सोयीचे होते आणि छापील प्रतीसाठी ते पुरेसेही होते. मात्र अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर साठवलेलेच नसते. 'भारत' हा शब्द टंकित केला की फाइलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे जातात. एच या कळीवर भ चा दंडाविना भाग काढलेला असतो, पहिला के त्याला दंड देतो, दुसरा के काना होतो, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. हा फॉन्ट ज्या यंत्रावर बसवलेला आहे तेथे डोळ्यांना 'भारत' दिसते आणि जेथे नाही तेथे रोमन अक्षरांचा तो अर्थहीन पुंजका उघडा पडतो. प्रयोगशाळेच्या सर्व संगणकांवर तो फॉन्ट होता, म्हणून आम्हा कोणालाच काही खटकले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

येथे पहिला खरा निर्णयबिंदू आला. हातात सात आठवडे होते आणि चार मार्ग समोर होते. मी ते फळ्यावर लिहिले आणि दोन तास केवळ त्यांवर चर्चा ठेवली.

पहिला मार्ग बहुतेक विद्यार्थ्यांना आणि कार्यवाहांनाही पसंत होता: यादीच्या छापील पानांची चित्रे काढून तीच वेबसाइटवर टाकायची. काम दोन दिवसांत संपले असते आणि प्रत्येक फोनवर अक्षर अगदी हुबेहूब दिसले असते. दुसरा मार्ग एका हुशार विद्यार्थ्याने शोधून आणला. सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत पानाबरोबर फॉन्टही पाठवण्याची सोय आहे, तेव्हा जुना फॉन्टच सर्व्हरवर ठेवावा, म्हणजे मजकुराला हात लावावा लागणार नाही. तांत्रिकदृष्ट्या हे चालले असते आणि त्याने ते करूनही दाखवले. तिसरा मार्ग म्हणजे रूपांतरक या फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रामच्या साह्याने संपूर्ण यादी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, आणून हाताने तपासणे. चौथा, सर्व ६,२०० नोंदी नव्याने टंकित करणे.

चर्चा अडली होती ती दोन प्रश्नांनी सुटली. ग्रंथपाल मॅडमना आम्ही वर्गात बोलावले होते. त्यांनी विचारले, "समजा, मला 'शेती' हा शब्द शोधायचा आहे. सापडेल का?" चित्रातून सापडणार नव्हता. दुसऱ्या मार्गानेही सापडणार नव्हता, कारण दिसायला 'शेती' असले तरी साठवलेली रोमन अक्षरेच राहणार होती. वाचक देवनागरीत शब्द टंकित करणार आणि ब्राउझर तो रोमन पुंजक्यांत शोधत बसणार, अशी ती स्थिती. शिवाय यादी अकारविल्हे लावता येणार नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, त्यामुळे 'कि'ने आणि 'मि'ने सुरू होणारी सगळी नावे वेलांटीच्या कळीखाली एकत्र गोळा होतात.

दुसरा प्रश्न वर्गातील एका विद्यार्थिनीचा होता. तिची दृष्टी अधू आहे आणि फोनवरचा मजकूर ती बोलक्या वाचकाकडून, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामकडून, ऐकते. तिने यादीच्या पानाचे एक चित्र फोनवर उघडले आणि फोन सर्वांना ऐकू जाईल असा धरला. फोन फक्त फाइलचे नाव बोलला आणि थांबला. दुसऱ्या मार्गाने केलेले पान उघडल्यावर तो एकेक रोमन अक्षर उच्चारू लागला. यानंतर पहिल्या दोन मार्गांच्या बाजूने कोणीही बोलले नाही.

मला हे येथे ठामपणे नोंदवावेसे वाटते, कारण मराठी संस्थांच्या वेबसाइटवर आजही निमंत्रणे, सूचना, निकाल, अहवाल सर्रास चित्ररूपाने टाकले जातात. डोळस माणसाला ते वाचता येते, एवढ्यावरून तो मजकूर वेबवर आला असे आपण समजतो. शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही, ऐकता येत नाही, असा मजकूर भिंतीवरच्या फलकाहून फार पुढे गेलेला नसतो.

निर्णय आणि त्याची किंमत

तिसरा मार्ग ठरला, परंतु पूर्ण यादी २७ फेब्रुवारीपर्यंत तपासून होणार नाही हेही उघड होते. त्यामुळे दुसरा निर्णयबिंदू आला: अपुरी पण शुद्ध यादी द्यायची, की पूर्ण पण न तपासलेली. कार्यवाहांचा आग्रह पूर्ण यादीचा होता. उद्घाटनाला तालुक्यातील मान्यवर येणार, आकडा मोठा दिसला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला गैर वाटले नाही, कारण संस्थेला देणग्यांवर चालावे लागते. शेवटी ग्रंथपाल मॅडमनीच तोड काढली. गेल्या तीन वर्षांत दाखल झालेली आणि सर्वाधिक मागणी असलेली मिळून ६०० पुस्तके आधी घ्यावीत, उरलेली यादी महिन्यागणिक वाढवावी आणि पानाच्या माथ्यावर तसे स्पष्ट लिहावे.

दुसऱ्या एका बाबतीतला निर्णय मी एकट्याने घेतला. तयार साचे देणाऱ्या एखाद्या मंचावर वेबसाइट उभी केली असती, तर ती आठवड्याभरात झाली असती. मी पहिली चार पाने साध्या मजकूर-संपादकात, हाताने एचटीएमएल लिहूनच करायला लावली. यामुळे आमचे जवळजवळ बारा तास खर्च झाले आणि त्याबद्दल विद्यार्थ्यांची नाराजीही मी ऐकली. हा निर्णय योग्य होता असे मला अजूनही वाटते, मात्र केवळ या वर्गापुरता. ज्या संस्थेला फक्त वेबसाइट हवी आहे तिला मी हा सल्ला देणार नाही.

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नोंदणीकृत नावाच्या, बाबतीत वाद झालाच नाही. नोंदणी वाचनालयाच्या स्वतःच्या ईमेल खात्यावरून आणि वाचनालयाच्याच नावाने केली. विद्यार्थी दोन वर्षांत गाव सोडून जातात आणि त्यांच्याबरोबर परवलीचे शब्दही जातात.

प्रत्यक्ष काम

रूपांतरकातून यादी बाहेर पडली ती पाहून सुरुवातीला सगळे खूश झाले. नंतर एकेक चूक दिसू लागली. सर्वांत त्रास रफाराने दिला. जुन्या फॉन्टमध्ये रफार ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या नंतर टंकित होतो, तर युनिकोडमध्ये तो 'र्' म्हणून त्या अक्षराच्या आधी साठवला जातो. आम्ही वापरलेला रूपांतरक ही अदलाबदल काही ठिकाणी करी, काही ठिकाणी करीत नसे. त्यामुळे 'धर्म'चे 'धमर्' झाले, 'सूर्य'चे 'सूयर्' आणि 'वर्ग'चे 'वगर्'. डोळ्यांनी सहाशे ओळी तपासताना अशा चुका निसटतात.

बी.ए.च्या मराठी विषयाच्या एका विद्यार्थिनीने येथे जे सुचवले, ते या संपूर्ण प्रकरणातील मला सर्वांत मोलाचे वाटते. ती म्हणाली, "सर, पाय मोडलेल्या र वर संपणारा मराठी शब्द मला तरी आठवत नाही. मग 'र्'च्या पुढे मोकळी जागा आली की तिथे चूकच असणार ना?" आम्ही मजकूर-संपादकात नेमका हाच शोध चालवला. पहिल्या सहाशे नोंदींतच शंभराहून अधिक ठिकाणे सापडली आणि एकही खोटी निघाली नाही. रफार शब्दाच्या मध्यावर असलेल्या चुका या चाळणीतून सुटत होत्या, 'कार्यकर्ता' किंवा 'मार्गदर्शन' यांसारख्या शब्दांच्या बाबतीत. त्यांसाठी वेगळी शब्दयादी करावी लागली. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतील ऱ्य आणि ऱ्ह हे खास मराठी जोड रूपांतरकाला ओळखताच येत नव्हते. ते हाताने दुरुस्त केले. संगणकशास्त्राचा गंध नसलेल्या त्या मुलीने भाषेच्या जाणिवेवर जी युक्ती काढली, तिच्यामुळे युनिकोड म्हणजे मजकुराचा क्रम, आणि क्रम कळला म्हणजे शोध शक्य होतो, ही गोष्ट वर्गाला माझ्या चार व्याख्यानांपेक्षा चांगली समजली.

अकारविल्हे क्रमाचाही एक धडा मिळाला. युनिकोडच्या संकेतांकांनुसार लावलेल्या क्रमात ळ हे ल च्या लगेच पुढे येते आणि 'क्षितिज' हे क च्या गटात जाते, कारण क्ष तेथे क, पायमोड आणि ष असा साठवलेला असतो. आपल्या वर्णमालेच्या सवयीला हे धरून नाही. मॅडमनी क्ष आणि ज्ञ यांनी सुरू होणारी नावे शेवटीच हवीत असा आग्रह धरला आणि त्या दोन गटांची नावे आम्ही हाताने हलवली.

सातव्या आठवड्यात आणखी एक पान बिघडले. या वेळी लक्षणे वेगळी होती: फोनवर रोमन ए वर तिरपी रेघ असलेले अक्षर आणि त्यामागे एक गोलसर चिन्ह, पुन्हा तेच, पुन्हा तेच, अशी ओळच्या ओळ. पाचव्या आठवड्यातील वर्गाने पुन्हा रेंजला दोष दिला असता. या वेळी एकाने फळ्यावर 'वाचनालय' लिहिले, त्याचे व, काना, च, न, काना, ल, य असे सात संकेत मोजले, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे संकेत फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, प्रत्येकी तीन बाइट (साठवणुकीची एकके) धरून २१ बाइट काढले आणि पानावरील चिन्हेही तितकीच भरतात का ते मोजून पाहिले. देवनागरीच्या मूळ विभागातील प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून तेच चिन्ह दर तिसऱ्या जागी येत होते. मजकूर शाबूत होता. पानाच्या शीर्षभागात तो यूटीएफ-८ आहे ही एका ओळीची सूचना लिहायची राहिली होती. पानाच्या पहिल्या १,०२४ बाइटमध्ये ती सूचना असावी असा एचटीएमएलचा नियम आहे, तेव्हा ती अगदी वर बसवली. तेथेच पानाची भाषा मराठी असल्याचेही नोंदवले. त्यामुळे बोलका वाचक मराठी आवाज निवडू शकतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श यांची मराठी वळणे उमटतात. मॅडमना तो गाठीचा श दिसल्यावर झालेला आनंद मी विसरणार नाही.

उरलेल्या अडचणी लवकर सुटल्या. प्रयोगशाळेच्या संगणकावर दिसणारी छायाचित्रे सर्व्हरवर दिसेनात आणि फाइल सापडली नाही असे सांगणारा ४०४ हा संकेत येई. सर्व्हर लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा असल्यामुळे फाइलच्या नावातील मोठी आणि लहान रोमन अक्षरे तो वेगळी मानतो, हे त्यामागचे कारण होते. सर्व नावे लहान अक्षरांत आणल्यावर प्रश्न मिटला. बालविभागाच्या पानावर फोनने काढलेली, प्रत्येकी सुमारे चार मेगाबाइटची ११ छायाचित्रे होती. सेकंदाला दोन मेगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट) वेगाने ते पान पूर्ण उतरायला जवळजवळ तीन मिनिटे लागतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः आकडेमोड करून काढले. रुंदी १,२०० पिक्सेलपर्यंत आणून प्रत्येक चित्र दीडशे किलोबाइटच्या आसपास आणल्यावर तोच वेळ सात सेकंदांवर आला.

संवादातील चूक

उद्घाटनाच्या दहा दिवस आधी सभासदांना ईमेलने निमंत्रण पाठवायचे ठरले. मजकुरावर विद्यार्थ्यांनी मेहनत घेतली होती: विषयाची ओळ नेमकी, मायना योग्य, तारीख, वेळ, स्थळ आणि पुष्टीसाठी एकच दुवा. तो मी तपासला आणि संमती दिली. पत्ते कोणत्या रकान्यात घालायचे, हे मात्र मी सांगितले नव्हते. सुमारे १८० सभासदांचे पत्ते सर्वांना दिसतील अशा रकान्यात गेले. तासाभरात तिघांनी सर्वांना उत्तर दिले, त्यांतील एकाने वर्गणीबद्दलची आपली जुनी तक्रार त्याच धाग्यात मांडली, आणि एका ज्येष्ठ सभासद बाईंनी कार्यवाहांना फोन करून विचारले की, माझा पत्ता माझ्या परवानगीशिवाय दीडशे लोकांना कसा दिलात. त्यांचा प्रश्न रास्त होता.

ज्या विद्यार्थ्याच्या हातून ईमेल गेला तो घाबरून गेला होता. पहिली सूचना त्याचीच आली: "सर, मेल परत मागवता येईल का?" येथे ईमेलचे कार्यच समजून घ्यावे लागले. आपला सर्व्हर पत्राची प्रत समोरच्या सर्व्हरला देतो आणि एकदा ती स्वीकारली गेली की तिच्यावर आपला ताबा राहत नाही. काही सेवांमधील मागे घेण्याची सोय म्हणजे पाठवणे काही सेकंद लांबवणे असते. दुसरी सूचना गप्प राहण्याची होती: लोक विसरतील, पुन्हा ईमेल पाठवला तर उलट आठवण होईल. कार्यवाहांचा कल तिकडे होता. मी आणि मॅडम यांनी दिलगिरी कळवण्याच्या बाजूने मत दिले. पत्ता उघड झालेल्या माणसाला ते कळण्याचा हक्क आहे, असे आमचे म्हणणे होते. त्याच दिवशी संध्याकाळी, या वेळी पत्ते एकमेकांना न दिसतील अशा रकान्यात घालून, पाच ओळींचे पत्र गेले: काय झाले, ते आमच्या चुकीने झाले, आधीच्या ईमेलला 'सर्वांना उत्तर' देऊ नये, आणि यापुढे कोणती काळजी घेऊ. पत्रावर माझी आणि ग्रंथपालांची सही होती. विद्यार्थ्याचे नाव आम्ही घातले नाही, कारण न शिकवलेल्या गोष्टीचा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे झाले असते. तक्रार करणाऱ्या बाईंना मॅडमनी स्वतः फोन केला. त्या उद्घाटनाला आल्या.

निष्पत्ती

२७ फेब्रुवारीला वेबसाइट सुरू झाली तेव्हा तिच्यावर चार पाने आणि ६०० पुस्तकांची तपासलेली यादी होती. उद्घाटनाच्या भाषणात कार्यवाहांनी आकडा लहान असल्याचा उल्लेख केला आणि तो का लहान आहे हेही सांगितले. २२ पैकी १९ विद्यार्थ्यांनी वर्ग पूर्ण केला. तिघे सोडून गेले. त्यांतील एकाने हाताने एचटीएमएल लिहिण्याचा कंटाळा हेच कारण दिले. ऑगस्टअखेर यादी सुमारे ४,१०० नोंदींपर्यंत पोचली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम जवळजवळ थांबले होते, कारण विद्यार्थी गावोगावी गेले. मॅडम आता नव्या नोंदी स्वतः युनिकोडमध्ये करतात. जुन्या लिपिकाने मात्र नवी कळरचना शिकण्यास नकार दिला आणि त्यांच्या वयाकडे व हातातील पूर्वीच्या वेगाकडे पाहता मी त्यांना आग्रह केला नाही. त्यांची टंकित पाने मॅडम रूपांतरित करून घेतात.

शिकवण्याच्या दृष्टीने पाहिले तर शेवटच्या चाचणीत मी व्याख्या विचारल्याच नाहीत. तीन बिघडलेली पाने दिली आणि बिघाड नाव-शोधात आहे, जोडणीत आहे, सर्व्हरच्या उत्तरात आहे, की मजकूर दाखवण्यात आहे, ते कारणासह लिहायला सांगितले. १९ पैकी १४ जणांनी तिन्ही ठिकाणे बरोबर ओळखली.

पुन्हा करायचे झाल्यास

पहिली गोष्ट म्हणजे, काम स्वीकारण्यापूर्वी मी मूळ फाइल अशा यंत्रावर उघडेन ज्यावर एकही जुना मराठी फॉन्ट नाही. पाच मिनिटांच्या या तपासणीने आमचे दोन आठवडे वाचले असते आणि उद्घाटनाची तारीखही कदाचित वेगळी ठरली असती.

इतिहास पहिल्या आठवड्यातून काढून तो शेवटच्या आठवड्यात नेईन. सर्नने वेब खुले केले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न एक पान स्वतःच्या हाताने सर्व्हरवर चढवलेल्या विद्यार्थ्याला कळतो. पहिल्या दिवशी तो प्रश्नच त्याच्या मनात नसतो. त्याऐवजी पहिल्या तासाला ब्राउझरमधील नेटवर्क हा विभाग उघडून एका पानामागे किती विनंत्या जातात, प्रत्येकीला कोणता संकेत परत येतो आणि किती किलोबाइट उतरतात, हे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून घ्यावे. इनस्क्रिप्ट या युनिकोड देवनागरी टंकनाच्या कळरचनेचा सरावही पहिल्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटे हवा. अर्धे विद्यार्थी फोनवर बोलून मजकूर तयार करीत आणि तो संगणकावर पाठवीत. त्यांचे काम चालून गेले, परंतु जोडाक्षर कसे साठवले जाते याची बोटांना कधी ओळखच झाली नाही.

ईमेलच्या बाबतीत, दहा जणांहून अधिक लोकांना काही पाठवायचे असेल तर आधी वर्गातल्या वर्गात एकमेकांना पाठवून पाहावे आणि मिळालेल्या प्रतीत कोणाकोणाचे पत्ते दिसतात ते मोठ्याने वाचावे, असे मी आता ठरवले आहे. मजकूर तपासताना पत्त्यांचा रकाना तपासला नाही, ही चूक माझी होती.

हस्तांतराचा कागद आम्ही फार उशिरा केला, आणि याविषयी मी अजून अस्वस्थ आहे. सर्व्हरचे खाते, मूळ फाइलच्या प्रती कोठे आहेत, यादीत नवी नोंद कशी वाढवायची, हे सगळे एप्रिलपर्यंत दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यात होते. आता ते मराठीत लिहिलेल्या तीन पानांवर आहे. एक प्रत मॅडमच्या कपाटात दाखल नोंदवहीशेजारी ठेवली आहे आणि डोमेनचे नूतनीकरण कधी करायचे ती तारीख वाचनालयाच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत लाल शाईने लिहिली आहे. उरलेल्या २,१०० नोंदींपैकी पहिल्या दोनशे नव्या तुकडीला वाटून झाल्या आहेत.